आपल्यावरचे रिपोर्ट लिहितं कोण?

आजचा भाग मी उदगीरहून, घरूनच रेकॉर्ड केलाय. मध्येच एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आणि ज्यांचा डेटा संपलाय किंवा बसमध्ये इयरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

मराठवाड्यावर रिपोर्ट भरपूर येतात. दुष्काळाचे, शेतकरी आत्महत्यांचे, ऊसतोड कामगारांचे, अनुशेषाचे. काही सरकारी समित्यांचे, काही जागतिक बँकेचे, काही युनोच्या संस्थांचे, काही परदेशी विद्यापीठांचे. त्यातला एखादा आकडा पेपरात मथळा होतो, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, मग कधीतरी त्यावर योजना निघते. पण हे लिहिणारी माणसं कोण असतात? काय शिकलेली असतात? या कामात यायच्या आधी काय करत होती?

माझी एक सवय आहे. असा रिपोर्ट मोबाईलवर उघडला की मी आधी शेवटचं पान बघतो. तिथे बहुतेक वेळा 'लेखकांविषयी' म्हणून चार ओळी असतात. ती सवय माझ्या कामातून लागली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोड वाचताना आम्ही आधी बघतो की हा लिहिलाय कुणी. कारण लिहिणाऱ्याची सवय कोडमध्ये उतरते. डेटाबेसवाल्याने बनवलेली स्क्रीन लगेच ओळखू येते, सगळीकडे नुसते तक्तेच तक्ते!

रिपोर्टचंही तसंच आहे. माणसाचा मूळ पेशा काय, यावर तो काय मोजणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आणि सरकारदरबारी जे मोजलं जातं त्यालाच पैसा मिळतो. म्हणून ते शेवटचं पान आपल्या कामाचं आहे. आज त्यावरच बोलू.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करतो. किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्म नव्हता, माझाही नव्हता. पण घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येकाला आपण त्या वेळी कुठे होतो ते आठवतं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

त्यानंतर या भागात जितके तज्ज्ञ आले तितके त्याआधी कधी आले नसतील. आणि गंमत बघा, गाव एकच, पण प्रत्येकाला त्यात वेगळं दिसलं.

भूगर्भशास्त्रज्ञ आले. त्यांच्यासाठी हे कोडं होतं. दख्खनचा खडक स्थिर मानला जायचा, भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमध्ये होती. पुढे २००२ ला देशाचा नकाशा बदलला, झोन एक काढूनच टाकला आणि किल्लारी झोन तीनमध्ये गेली. स्थापत्य अभियंते आले. त्यांना दिसल्या भिंती. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, हेच रात्री अंगावर पडलं. जागतिक बँकेचे लोक आले. त्यांना दिसला प्रकल्प: कर्ज किती, घरं किती, मुदत किती. आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिसचे, समाजकार्यवाले आले. त्यांनी कुटुंबांचे सर्व्हे केले आणि पुनर्वसनात लोकांचा सहभाग कसा राहील ते बघितलं.

पन्नासच्या वर गावं नव्या जागी हलवली. घरं मजबूत झाली, यात वाद नाही. पण नव्या गावांची आखणी बघा. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकाला एक लागून ओळी, शहरातल्या कॉलनीसारखं. जुन्या गावात गल्लीबोळ होते, वाडा होता, बैल बांधायला जागा होती, बायकांना बसायला आडोसा होता. अभियंत्याच्या कागदावर 'भिंतीची ताकद' असा रकाना असतो, 'आडोसा' असा नसतो. म्हणून तो राहून गेला. या आखणीवर पुढे बरीच टीका झाली, त्यावर देशी-परदेशी संशोधकांनी अभ्यासही केले.

पण याच भूकंपातून दुसरी एक गोष्ट निघाली. जी गावं हलवली नाहीत तिथे लोकांनी आपली घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत करायची होती, पैसा सरकार देणार होतं. सामान्य माणसाला तंत्र कोण समजावणार आणि पैसा बरोबर वापरला जातोय का ते कोण बघणार? तिथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावातल्याच बायका उभ्या राहिल्या. त्यांना नाव होतं 'संवाद सहायक'. लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून जास्त गावांत हे काम चाललं. शेतात राबणाऱ्या बायका, ज्यांनी आधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, त्या सिमेंट-लोखंडाचा हिशेब विचारायला लागल्या. आणि २००१ ला भूजला भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या याच बायका गुजरातला गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला की घर परत कसं उभं करायचं.

आता मला सांगा, आंतरराष्ट्रीय विकासाच्या भाषेत याला 'तज्ज्ञ' म्हणायचं की नाही? काम तज्ज्ञाचंच होतं. पण शेवटच्या पानावर त्यांची नावं कुठे दिसणार?

हा मुद्दा बाजूला ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे. आधी आकड्यांकडे जाऊ.

मराठवाड्यात वाढलेल्या प्रत्येकाने 'अनुशेष' हा शब्द भाषणात हजार वेळा ऐकलाय. पण हा अनुशेष मोजला कुणी? वि. म. दांडेकर यांनी. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे, मूळ संख्याशास्त्राचे माणूस. त्यांनी १९७१ ला नीलकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास छापला, तो जगभर वाचला गेला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च येतो, त्यावरून गरिबीची रेषा काढायची. १९६०-६१ च्या भावाने त्यांचा हिशेब आला खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. पुढे देशात दारिद्र्यरेषेवर जो काही वाद झाला, त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे.

तर १९८३ ला महाराष्ट्र सरकारने प्रादेशिक असमतोलाचं गणित करायला याच दांडेकरांची समिती नेमली. १९८४ ला अहवाल आला. संख्याशास्त्रज्ञाने काय केलं? त्याने राज्याची सरासरी काढली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, वीज वगैरे क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा या सरासरीच्या किती खाली आहे ते बघितलं आणि ती तूट भरून काढायला किती पैसे लागतील तो आकडा मांडला. एकूण सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी.

हे फार मोठं काम होतं. तोपर्यंत 'आमच्यावर अन्याय झाला' ही तक्रार होती. दांडेकरांनी तिचा हिशेब केला. हिशेब असला की भांडता येतं. पुढे घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ ला मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० ला त्याची मुदत संपली. या सगळ्या भांडणात लोकांच्या हातात हत्यार होतं ते अनुशेषाच्या त्या आकड्याचं.

पण सरासरीचं एक दुखणं असतं. युनिट काय घेता, त्यावर उत्तर बदलतं. दांडेकर समितीचं युनिट जिल्हा होतं. आता आपला लातूर जिल्हा घ्या. दहा तालुके. एका टोकाला लातूर शहर, जिथे क्लासेस आहेत, मोठी हॉस्पिटलं आहेत, आडत बाजार आहे. दुसऱ्या टोकाला जळकोट, देवणी. सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली की जळकोट दिसेनासं होतं. मोठं शहर सगळ्यांचा आकडा वर ओढतं.

म्हणून पुढची समिती महत्त्वाची. २०११ ला विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली, अहवाल २०१३ चा. या समितीने विचार करताना तालुका हे युनिट धरलं. आता केळकरांचं शेवटचं पान बघा. पुण्यात इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत मिनेसोटाला शिक्षण, मग बर्कलेला अर्थशास्त्रात पीएचडी. त्यानंतर जिनिव्हात युनोच्या व्यापार आणि विकास परिषदेत काम, देशाचे वित्त सचिव, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत कार्यकारी संचालक, तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास आणि कारभार या दोन्ही क्षेत्रांत सगळ्यात वर पोहोचलेला माणूस, आणि पाया इंजिनिअरिंगचा. त्यांच्या अहवालावर विदर्भ-मराठवाड्यातून बरीच टीकाही झाली, आणि ती व्हायलाच पाहिजे. मला एवढंच दाखवायचंय की 'जिल्हा की तालुका' असा कोरडा वाटणारा प्रश्न उदगीर-जळकोटसाठी रस्ता, दवाखाना, पाणी यांचा प्रश्न असतो. आणि तो प्रश्न टेबलावर बसलेली माणसं ठरवतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे अर्थशास्त्रवाले झाले. नाही. महाराष्ट्रात या क्षेत्रात ज्यांनी जगाला काही नवीन दिलं, त्यातले कितीतरी जण भलत्याच लाईनमधून आलेत.

माधव चव्हाण. रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत ओहायो स्टेटमधून पीएचडी, मुंबईत यूडीसीटीमध्ये शिकवत होते. मग मुंबईच्या वस्त्यांत साक्षरतेचं काम, त्यातून 'प्रथम' ही संस्था. २००५ पासून त्यांचा 'असर' हा सर्व्हे येतो. जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं, घरातल्या मुलाच्या हातात एक कागद द्यायचा आणि म्हणायचं, बाळा, वाच. दुसरीच्या पातळीचा उतारा. वाचता आला का नाही, बस. मला तर ही प्रयोगशाळेतल्या माणसाची पद्धत वाटते: लिटमस पेपर बुडव आणि रंग बघ. तोपर्यंत शिक्षण खातं शाळा मोजत होतं, वर्गखोल्या मोजत होतं, पटावरची नावं मोजत होतं. पोराला वाचता येतं का, हे कुणी मोजत नव्हतं. पुढे पाकिस्तानात, केनिया-टांझानिया-युगांडात लोकांनी ही पद्धत उचलली. आणि हा सर्व्हे करायला कोण जातं? बऱ्याच ठिकाणी तिथल्याच कॉलेजची पोरं-पोरी.

राणी आणि अभय बंग. दोघंही एमडी डॉक्टर. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, आणि परत येऊन थेट गडचिरोली. १९८९ ला त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि यातल्या जेमतेम ८ टक्के बायकांची आधी कधीतरी अशी तपासणी झाली होती. त्या काळात जगभरच्या विकास कार्यक्रमांना बाईच्या आरोग्यात दोनच गोष्टी दिसत होत्या, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई स्वतः गावात बसली, म्हणून तिसरी गोष्ट दिसली. नंतर १९९९ ला त्यांनी दाखवलं की गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांपर्यंत कमी होतात. आज आपल्या गल्लीत आशाताई येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, ते काम देशभर गेलं त्यामागे हे संशोधन आहे.

विलासराव साळुंखे. पुण्यातले इंजिनिअर, स्वतःचा कारखाना. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि पाणी पंचायत उभी केली. नियम काय? पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क. आणि ऊस बंद! लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा टीव्हीवर जी चर्चा चालली होती, तिचं एक उत्तर हा माणूस चाळीस वर्षं आधी करून बसला होता.

आणि शरद जोशी. टपाल खात्यातले अधिकारी, मग स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जागतिक टपाल संघटनेत, म्हणजे युनोच्याच एका संस्थेत नोकरी. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः शेती केली, खर्च-उत्पन्नाची वही ठेवली आणि त्या वहीतून शेतकरी संघटनेचं अर्थशास्त्र मांडलं. पटो न पटो, पण 'शेती तोट्यात आहे की तोट्यात ठेवली आहे' हा प्रश्न त्या वहीतून आला.

या सगळ्यांत सारखं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, यांनी आपला जुना पेशा फेकून दिला नाही. रसायनशास्त्रज्ञाने साधी चाचणी आणली, डॉक्टरने तपासणी आणली, इंजिनिअरने वाटपाचं गणित आणलं. दोन, बऱ्याच जणांनी मध्ये दुसरं शिक्षण घेतलं किंवा दुसऱ्या जगात काम केलं. नुसतं एमडी किंवा नुसतं बीई पुरलं नाही. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाची, ते एका जागी राहिले. गडचिरोली, नायगाव, आंबेठाण, मुंबईच्या वस्त्या. आठ दिवसांची फिल्ड व्हिजिट करून, विश्रामगृहात राहून हे झालेलं नाही.

आता एक कडू गोष्ट. एवढं शिकायचं, मग पगाराची नोकरी सोडून गावात बसायचं, हे परवडतं कुणाला? मी वाचलेल्या शेवटच्या पानांवर पुणे, मुंबई, दिल्ली आणि परदेश भरपूर आहे. उदगीर, मुखेड, कंधार जवळजवळ नाही.

म्हणून मला इथे बाबासाहेबांचं नाव घ्यायचंय. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. पण त्यांचा पहिला पेशा अर्थशास्त्रज्ञाचा. १९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९१८ ला त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात म्हणणं हे, की नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर जी रिकामी माणसं लादली गेलीत त्यांना उद्योगात काम मिळालं पाहिजे. १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक, १९२५ ला ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या पैशांवर, म्हणजे केंद्राने प्रांताला काय द्यायचं यावर. अनुशेषाचा वाद हा त्याच जातीचा प्रश्न आहे, कुणाच्या तिजोरीतून कुणाला किती. हे सगळं एका शिष्यवृत्तीने शक्य झालं. ती मिळाली नसती तर? आणि पुढे १९५० ला त्यांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, पुढचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर तिथून निघाला, ते आपल्याच आजूबाजूला विचारून बघा.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. ज्यांची नावं शेवटच्या पानावर येत नाहीत ती माणसं.

माझी एक चुलत बहीण आहे. पदवीनंतर तिने दोन-तीन सर्व्हेंत काम केलंय, कंत्राटी. हातात टॅबलेट, दिवसाला ठरलेली घरं, फॉर्म भरला तर पैसे. एकदा ती मला म्हणाली, "दादा, ह्या फॉर्मात 'मुख्य व्यवसाय' असंय आणि एकच निवडायचंय. मी एका मामांना विचारलं तर ते म्हणतेत, कोणत्या महिन्यातला सांगू?"

बघा, केवढं बोलला तो माणूस! पावसाळ्यात स्वतःचं दोन एकर सोयाबीन. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर. उन्हाळ्यात हैदराबादला बांधकामावर. याचा मुख्य व्यवसाय काय? फॉर्मवर शेतकरी लिहिलं तर तो शेतकऱ्यांच्या आकड्यात जातो, आणि ऊसतोड करणाऱ्यांतून गायब होतो. आणि समजा सर्व्हे जानेवारीत असेल तर मामा घरीच नाहीत. दाराला कुलूप. मग पर्याय एकच: 'घर बंद', पुढचं घर घ्या. ज्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करायचा तीच माणसं स्थलांतरामुळे अभ्यासातून बाहेर!

आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये ज्या गोष्टीला कॉलमच नाही, ती गोष्ट सिस्टीमसाठी अस्तित्वातच नसते. कॉलम कोण ठरवतं? दूर कुठेतरी ऑफिसात बसलेला हुशार माणूस. त्याची डिग्री भारी असते, नियतही चांगली असते. पण आपल्याकडे दिवाळीनंतर गाव रिकामं होतं हे त्याला माहीत नसतं. माझ्या बहिणीला माहीत असतं. तिला मात्र फॉर्म बदलायचा अधिकार नसतो. तिने वरच्या साहेबांना सांगितलं होतं. उत्तर आलं, "जे आहे तेच भरा."

माझं म्हणणं एवढंच आहे. दिवाळीनंतर कुठली घरं बंद असतात हे माहीत असणं, ही सुद्धा पात्रता आहे. संशोधकाच्या बायोडेटात ती लिहिली पाहिजे, आणि तिचे पैसे मिळाले पाहिजेत. संवाद सहायकांनी हे तीस वर्षांपूर्वी सिद्ध केलंय.

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? तुमच्यातले अर्धे जण लातूर पॅटर्नमधून चाललेत, नीट नाहीतर जेईई. बरंच आहे, करा. पण डॉक्टर किंवा इंजिनिअर झालं की रस्ता संपला असं समजू नका, बंग, साळुंखे आणि केळकर तिथूनच सुरू झाले. आणि नंबर लागला नाही तरी जग बुडत नाही. टिसचा कॅम्पस आपल्या तुळजापूरला आहे, लातूरहून फार लांब नाही. मुंबईत देवनारला आयआयपीएस आहे, जिथे देशाचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण चालतं आणि परदेशातले विद्यार्थीही लोकसंख्याशास्त्र शिकायला येतात. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ ला उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे. यांच्या प्रवेश परीक्षांची नावं आपल्याकडच्या क्लासच्या बोर्डांवर दिसत नाहीत, म्हणून आपल्या पोरांना ती माहीत होत नाहीत. एवढंच कारण आहे, अक्कल कमी नाही.

पण आंधळेपणाने उडी मारा असंही मी सांगणार नाही. या क्षेत्रात खाली कंत्राटी कामं फार, पगार कमी. आणि परदेशी पैशावर चालणारं काम एका सहीने बंद होऊ शकतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएडची मदत थांबवली, तेव्हा जगभर हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. गरीब देशांत आरोग्याचे सर्व्हे चालवणारा डीएचएस कार्यक्रम, चाळीस वर्षांचा, तोही थांबला. घरात कमावणारा एकटा असेल तर आधी हातात एक पक्कं कौशल्य ठेवा. संख्याशास्त्र, अकाउंट्स, कोडिंग, नर्सिंग, काहीही. वर सांगितलेल्या प्रत्येकाकडे ते होतं.

आणि ज्यांना या क्षेत्रात जायचंच नाही, त्यांच्यासाठी एक छोटं काम. पुढच्या वेळी लातूर-नांदेडवरचा कुठलाही आकडा फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा आकडा काढणाऱ्याचा पेशा काय? त्याने युनिट काय धरलं, राज्य, जिल्हा, तालुका की घर? आणि तो कुठल्या महिन्यात आला होता? तिन्ही उत्तरं बहुतेक वेळा त्या पीडीएफमध्येच असतात. पाच मिनिटं लागतात. आणि सर्व्हेवाली ताई दारात आली तर तिला चहा-पाणी विचारा, आणि 'असंच लिहा हो काहीतरी' म्हणू नका. उन्हातान्हात फिरत असते ती, आणि तुमचंच लिहून घेत असते.

शेवटी, तुमच्याकडून मला एक पाहिजे. तुमच्या गावातली अशी एक गोष्ट सांगा जी कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. व्हॉइस नोट करा, एका मिनिटाची. कुणाचं नाव घेऊ नका, गोष्ट सांगा. पुढच्या एखाद्या भागात आपण त्या सगळ्या एकत्र ऐकू. बघू तरी, आपण स्वतःचा फॉर्म बनवला तर त्यात किती कॉलम लागतात ते.

चला, बराच वेळ बोललो. भाग आवडला तर मित्राला पाठवा, आवडला नाही तर मला सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.